आत्या जागी होताना

पहिला फटका कानाखाली बसला आणि दुसरा चष्म्यावर.

चष्मा फरशीवर पडला. तो उचलायला ड्रायव्हरसाहेब वाकले, तेवढ्यात त्यावर वेल्डरचा बूट आला. लोखंडी टाचेचा बूट. काचांचं पीठ झालं. मग त्याच बुटाची लाथ त्यांच्या बरगडीत बसली आणि पन्नाशी ओलांडलेला तो किडकिडीत माणूस रिकाम्या खोक्यांच्या ढिगावर जाऊन आदळला.

"ऊठ," वेल्डर म्हणाला. "अजून सुरुवातही नाही झाली."

जेवणाची घंटा नुकतीच झाली होती. कटिंगच्या शेडमधली माणसं डबे घेऊन मागच्या अंगणात गेली होती. वेल्डरने आत येऊन शटर खाली ओढलं आणि आतून कुलूप घातलं. छताजवळच्या काचांतून ऊन उतरत होतं, आणि त्या उन्हात शेडच्या मधोमध ती मशीन उभी होती, जिला सगळे आत्या म्हणत.

आत्या म्हणजे कागद कापायची मशीन. तिचं टेबल गुळगुळीत, आणि त्यावर आडवं टांगलेलं सव्वा मीटरचं पातं. कागदाची थप्पी आत सरकवायची, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, की आधी दाबपट्टी उतरून थप्पी घट्ट धरते आणि अर्ध्या सेकंदाने तिच्या पुढ्यात पातं येतं. बटणं मुद्दाम दूरदूर बसवलेली, म्हणजे दोन्ही हात बटणांवर असले की एकही पात्याखाली राहू नये. शिवाय टेबलासमोर न दिसणारा लाईटचा पडदा होता. त्यात हात आला की पात्याला पुढे यायची परवानगी नाही.

इतक्या काळजीने बांधलेल्या या आत्याने बारा दिवसांपूर्वी वेल्डरच्या थोरल्या भावाची सहा बोटं कापली होती. उजव्या हाताची चार, डाव्याची दोन.

मशीन जुनी होती, पण मेंदू नवा बसवलेला होता. मेंदू म्हणजे झाकणाचा संगणक, टेबलाच्या वर, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर दांड्याला अडकवलेला. संगणकाला मशीनची भाषा येत नसते. दोघांमध्ये एक निरोप्या लागतो. त्या निरोप्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो या साहेबांनी लिहिला होता. "ड्रायव्हर लिहिता म्हणजे? लायसन्स काढून देता का?" असं पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, सगळे हसले, आणि त्यांचं नाव ड्रायव्हरसाहेब पडलं ते पडलंच.

काल याच साहेबांनी तपासणीचा कागद फोरमनच्या हातात दिला होता. त्यावर दोनच वाक्यं होती. मशीनमध्ये दोष आढळला नाही. चालकाची चूक.

"तुझा कागद मी वाचला," वेल्डर म्हणाला. त्याने साहेबांची कॉलर धरून त्यांना टेबलाशी आणलं. "चालकाची चूक. चालक म्हणजे आमचा दादा. एकोणीस वर्षं हिच्यासमोर उभा राहिला. कागदाची एक कड कधी वाकडी नाही कापली. आणि त्याची चूक?"

"मी चार हजार वेळा तपासलंय. चार हजार वेळा झोपवली, चार हजार वेळा उठवली..."

"मग एकेचाळिसाव्या शंभरीला तुझ्या हाताने तपासू."

त्याने साहेबांचा उजवा हात पात्याखाली ढकलला. तळवा दाबपट्टीखाली गेला, मनगट बरोबर पात्याच्या रेघेत आलं. खांद्यावरच्या पिशवीतून त्याने वेल्डिंगसाठी पत्रे धरून ठेवतात तो क्लॅम्प काढला, साहेबांच्या कोपराखालचा हात टेबलाच्या कडेला लावला आणि स्क्रू आवळायला लागला. साहेब ओरडले. त्याने आणखी एक आटा दिला. साहेबांनी डाव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ठोसा लागलाही, ओठ फुटला. वेल्डरने रक्त थुंकलं आणि त्यांचं डोकं दोनदा टेबलावर आपटलं. त्यानंतर साहेब मारायच्या फंदात पडले नाहीत.

"ऐक," वेल्डर म्हणाला. "दहा वेळा झाकण बंद करणार, दहा वेळा उघडणार. तुझा कागद खरा असेल तर हात सलामत. मी कुलूप उघडीन आणि स्वतः पोलिसात जाईन. कागद खोटा असेल, तर तोही कळेल. घाबरतोस कशाला? दोष नाही ना मशीनमध्ये?"

आता हे झाकणाचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. झाकण मिटलं की संगणक झोपतो आणि आत्याही झोपते. उघडलं की दोघं जागी होतात. पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायला सात मिनिटं लागत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळे झाकणच मिटत. आणि दादाची बोटं कापली गेली ती आत्या झोपेतून उठली त्याच क्षणी.

पहिल्यांदा झाकण मिटलं. पंखा थांबला, दिवे विझले. वेल्डरने पाच आकडे मोजले आणि झाकण उघडलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. पंखा फिरला, आत कुठेतरी टक् झालं. पातं वरच होतं.

"एक."

दुसऱ्यांदाही काही झालं नाही. तिसऱ्यांदा नाही. चौथ्या वेळी साहेबांची पँट ओली झाली होती. सहाव्या वेळेनंतर वेल्डर थांबला. त्याचा चेहरा घामाने निथळत होता आणि गंमत अशी, की पातं पडत नाही म्हणून तो सुटल्यासारखाही दिसत होता आणि चिडलेलाही.

"तुला काय हवंय?" साहेब कसेबसे म्हणाले. "पातं पडायला हवंय, की पडायला नकोय?"

याचं उत्तर थोबाडीत आलं.

"मला आत काय होतं ते सांग. माझ्या भाषेत. इंजिनिअरच्या भाषेत बोललास तर दात पाडीन."

साहेब बोलू लागले. बोलताना माणसाचा श्वास जरा ठिकाणावर येतो, तसा त्यांचाही आला. "झोपताना तिच्या आतल्या सर्किटच्या कार्डाची वीज जाते. कार्ड सगळं विसरतं. दाबपट्टी वर होती की खाली, बटणं दाबलेली होती की सुटी, काही आठवत नाही त्याला. म्हणून झोपायच्या आधी माझा ड्रायव्हर हे सगळं एका वहीत उतरवून घेतो. ती जागी झाली, की वही वाचून तिला सांगतो, बाई गं, तू इथे होतीस आणि हे करत होतीस. म्हणजे ती होती तिथून पुढे चालू होते."

"आणि वहीत चुकीचं असलं तर?"

"वहीत चुकीचं नसतं." मग ते थांबले. "एकच चुकीची ओळ होती. त्या दिवशीची. ती मी सोडून दिली."

"का?"

"कारण ती शक्यच नव्हती. स्क्रीनवर बघ. त्या दिवसाची नोंद उघड. मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही, तूच वाच."

वेल्डरला शोधायला वेळ लागला. साहेब सांगत गेले, इथे दाब, खाली जा, तारीख बघ. शेवटी तो एकेक अक्षर लावत वाचू लागला. "बारा अठ्ठावन्न. झाकण बंद. दाबपट्टी खाली. बटणं... दोन्ही दाबलेली."

"तीच ती ओळ. माणसाला हात दोन. दोन्ही बटणांवर दोन हात असले, तर झाकण मिटलं कोणी? तिसरा हात कुठून आणला? म्हणून मी म्हटलं, नोंद बिघडली असेल."

वेल्डर हसला. फुटलेल्या ओठामुळे ते हसणं वाईट दिसलं. "तिसरा हात! साहेब, शिकून शहाणे झालात हो. हनुवटीने मिटतात. इथले सगळेच तसं करतात."

"हनुवटीने?"

"थप्पी नीट बसवायला दहा मिनिटं जातात. जेवून येईपर्यंत ती सरकली की पुन्हा दहा मिनिटं. म्हणून घंटा झाली की बटणं दाबायची, दाबपट्टी थप्पीवर बसली रे बसली, की पातं यायच्या आत हनुवटीने झाकण खाली. दाबपट्टी तशीच राहते. थप्पी जागची हलत नाही. 'थप्पी दाबून जेवायला' म्हणतात त्याला. नियमात बसत नाही, म्हणून फोरमनला कोणी सांगत नाही. दादा हसून सांगायचा, दाढी वाढवली की झाकण निसटतं."

चार हजार वेळा ड्रायव्हरसाहेबांनी आत्याला झोपवलं होतं, आणि प्रत्येक वेळी शहाण्या माणसासारखं, हात बाजूला घेऊन.

"पुढची ओळ वाच," ते म्हणाले.

वेल्डर वाचेना.

"वाच ना. झाकण किती वाजता उघडलं?"

"पुढचं काही नाही," वेल्डर म्हणाला, पण त्याचा आवाज बदलला होता. आणि साहेबांना काही कळायच्या आत तो टेबलासमोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात दोन बटणांवर. "हे बघ. असं."

"नको! थांब!"

दाबपट्टी उतरली. लाईटचा पडदा पात्याला अडवतो, दाबपट्टीला नाही. ती साहेबांच्या तळव्यावर बसली आणि करंगळीत काहीतरी कट्कन मोडलं. ते किंचाळले. पडद्यात हात होता, म्हणून पातं जागेवर थरथरलं आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. वेल्डरने हनुवटी पुढे केली आणि झाकण खाली पाडलं.

पंखा थांबला. लाल दिवा विझला. आत्या झोपली.

"असं," वेल्डर म्हणाला, आणि उघडायला हात झाकणाला लावला.

"उघडू नकोस!"

असा आवाज त्या माणसाच्या गळ्यातून निघेल असं वाटलं नसतं. वेल्डरचा हात थांबला.

"उघडू नकोस. आता वहीत तेच लिहिलंय जे त्या दिवशी लिहिलं होतं. बटणं दोन्ही दाबलेली. म्हणजे काप, असा हुकूम. झाकण उघडलंस की माझा ड्रायव्हर इमानदारीने वही वाचेल आणि तिला सांगेल, तू कापत होतीस, काप."

"पडदा आहे ना. पडदा अडवेल."

"पडद्यालाही जागं व्हायला लागतं. त्याला दोन सेकंद लागतात. पात्याला एक. आणि मी लिहिताना आधी हुकूम द्यायला सांगितलंय, पडद्याला विचारायचं नंतर." त्यांचे डोळे वाहत होते. "वही बरोबर होती रे. ती लिहिल्यानंतर जग बदललं का, हे विचारायचं मी विसरलो. थप्पी कापायला तिने हुकूम घेतला, आणि मध्ये तुझ्या दादाचे हात आले."

"जर तुझं म्हणणं खरं असेल तर..."

"जर-तर नाही."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" वेल्डर ओरडला. "इतका वेळ दोष नाही, दोष नाही, आणि आता स्वतःचा हात अडकला तेव्हा दोष सापडला होय रे? खरं कशावरून? उघडल्याशिवाय कळणार कसं?"

त्याचा हात पुन्हा झाकणावर गेला. बोटं कडेखाली गेली. अर्ध्या बोटाची फट पडली की आत्या जागी होणार होती. साहेबांनी क्लॅम्पमधून हात ओढला, तशी कातडी सोलून निघाली, पण हात आला नाही.

मग त्यांनी ओढणं सोडलं. दुखण्यापलीकडे गेल्यावर माणसाचं डोकं कधीकधी फार स्वच्छ चालतं.

"तुझ्या दादाने जबाबात सांगितलंय, झाकण त्यानेच उघडलं."

"मग?"

"दोन्ही हातांची बोटं गेली त्याची. म्हणजे दोन्ही हात आत होते. हनुवटीने झाकण मिटतं. उघडत नाही."

वेल्डरची नजर मिटलेल्या झाकणावर गेली.

"ती न वाचलेली ओळ मला पाठ आहे. एक वाजून चोवीस मिनिटं. सुट्टी संपल्याची घंटा दीडला होते. सगळे अजून अंगणात होते. दादा लवकर आला, थप्पीतून एक कागद वाकडा डोकावत होता, आत्या झोपलीय म्हणून निर्धास्त दोन्ही हात घालून तो सरळ करत असणार. आणि शेडमध्ये दुसरं कोणीतरी होतं."



"मी गंमत केली," वेल्डर म्हणाला. झाकणावरचा हात त्याने काढला नव्हता. "त्याला म्हटलं, झोपलीय का तुझी आत्या, उठव की तिला. आणि उघडलं. बस. मला काय माहीत... मी वेल्डिंगच्या शेडमधला माणूस. झाकण उघडलं की दिवे लागतात, एवढंच माहीत मला." मोकळ्या हाताने त्याने ओठाचं रक्त पुसलं. "त्याने किंचाळायच्या आधी माझ्याकडे बघितलं, साहेब. आणि दवाखान्यात पहिलं वाक्य काय बोलला? 'तू तिथे नव्हतास.' रोज सकाळी मी त्याच्या शर्टाची बटणं लावतो आणि तो म्हणतो, तू तिथे नव्हतास."

"म्हणून तुला दहा वेळा उघडून बघायचं होतं."

"उघडून काही झालं नसतं, तर मी काही केलेलं नसतं."

"आणि आता?"

"आता उघडलं तर नक्की कळेल."

"कळेल," साहेब म्हणाले. "पण कळेपर्यंत तू ते दुसऱ्यांदा केलेलं असशील. या वेळी गंमत म्हणून नाही."

वेल्डरचा दंड ताठ झाला. क्षणभर वाटलं, तो उघडणारच. मग त्याने झाकण सोडलं, भिंतीशी गेला आणि मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी असा ओढला की डब्यासकट भिंतीतून उपटून आला. ठिणग्या उडाल्या. शेडमधले सगळे दिवे गेले. मग तो मशीनच्या मागे आडवा झाला आणि दाबपट्टीला दाब देणारी तेलाची नळी पान्याने सोडू लागला. नट सुटेना, तेव्हा त्याने पान्याने नळीवर घाव घातले, एक, दोन, पाच, नळी फुटेपर्यंत. गरम तेल त्याच्या तोंडावर, मानेवर उडालं. दाबपट्टी सुस्कारा टाकून वर गेली.

वेल्डरने क्लॅम्पचा स्क्रू सोडला आणि साहेबांचा हात बाहेर आला. करंगळी भलत्याच दिशेला वळली होती.

बाहेरून शटरवर थापा पडत होत्या. "कोण आहे आत? अरे उघडा!" फोरमनचा आवाज. वेल्डरने कुलूप काढलं. शटर वर गेलं आणि उन्हात सगळी माणसं उभी दिसली, आणि त्यांच्या पुढे दादा. तो रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा, दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे छातीशी धरून. घरी बसवत नाही म्हणायचा.

फोरमनने आत बघितलं. उपटलेला मेन, तेल, रक्त, साहेबांची करंगळी. "पोलीस," तो एवढंच म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

"दादा," वेल्डर सगळ्यांसमोर म्हणाला. "झाकण मी उघडलं होतं."

दादा तीन पावलांत त्याच्यापर्यंत पोचला. हाताने मारता येत नव्हतं, म्हणून त्याने कोपर घातलं, सरळ तोंडावर. मग दुसरं कोपर. धाकटा खाली पडला तरी दादा गुडघ्यावर बसून कोपरांनी मारतच होता. बँडेजमधून रक्त यायला लागलं तरी थांबेना. "गप्प बस म्हणालो होतो ना तुला! एक गोष्ट सांगितली होती, एकच! माझे हात गेले ते गेले, तू कशाला..." चौघांनी मिळून त्याला ओढलं. धाकट्याने एकदाही हात वर केला नव्हता.

"दादा, त्याला सोडा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. ते खोक्यावर बसले होते आणि त्यांचा आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना गप्प व्हावं लागलं. "त्याने नाही केलं. तुम्हीही नाही. माझ्या प्रोग्रामने केलं. कालचा कागद फाडून टाका."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हनुवटी, वही, पडद्याचे दोन सेकंद.

कटिंगच्या बायकांपैकी एक, दादाच्या शेजारच्या मशीनवर असते ती, ऐकता ऐकता म्हणाली, "अहो, म्हणजे तिची जांभई!"

"जांभई?"

"थप्पी दाबून गेलो ना, तर परत आल्यावर झाकण उघडलं की एक घाव आपोआप घालते. राहिलेला. आम्ही म्हणतो, आत्याने जांभई दिली. रोजचंच आहे ते. आम्हाला वाटलं, तुम्हीच तशी सोय ठेवलीय."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. चष्म्याशिवाय त्यांना ती नुसती निळी आकृती दिसत असणार. "मला सांगितलं का नाही कोणी?"

"तुम्ही मशीनला विचारत बसलात," ती म्हणाली. "आम्हाला कोणी विचारलं?"

फोरमनने मान खाली घातली. त्याने विचारलं होतं, पण कसं? सगळ्यांना रांगेत उभं करून, 'कोणी नियम मोडला का?' त्याचं उत्तर एकच असतं.

"तुमच्या हे लक्षात येतंय का," साहेब फोरमनला म्हणाले, "की शेजारच्या शेडमध्ये आत्याची धाकटी बहीण आहे, तसलीच मशीन, तोच ड्रायव्हर घेऊन, आणि आत्ता जेवणाची सुट्टी आहे?"

फोरमन धावला. तिचं झाकण मिटलेलं होतं आणि दाबपट्टी खाली होती. त्याने तिचा मेन पाडला आणि परत आला तेव्हा तो आजारपणातून उठल्यासारखा दिसत होता. फोन अजून त्याच्या हातात होता.

"पोलिसांना बोलवा," साहेब म्हणाले. "मला मारलंय, ते मी सांगणार. पण आधी डॉक्टर, मग एक जास्त नंबरचा चष्मा कोणाकडे असेल तर तो. आणि पाच वाजेपर्यंत मला या वेल्डरचे हात हवेत."

कंपाउंडरने करंगळीला फळी बांधली. शेजारच्या मशीनवरच्या बाईने आपल्या सासऱ्यांचा चष्मा आणवला. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. इलेक्ट्रिशियनने मेन जोडला, वेल्डरने सुजलेल्या डोळ्याने नवी नळी बसवली.

दुरुस्ती म्हणाल तर फार थोडी होती. डाव्या हाताने एकेक बटण टिपत साहेबांनी ती लिहिली. जागं झाल्यावर आधी पडद्याला उठव. तो उत्तर देईपर्यंत पात्याला हात लावू नकोस. आणि वहीत बटणांबद्दल काहीही लिहिलेलं असो, ते पुसून टाक. झोपण्याआधीचा हुकूम उठल्यावर चालत नाही. माणसाने पुन्हा बटणं दाबली, तरच तो हुकूम. पाचसहा ओळी इकडच्या तिकडे झाल्या.

"झालं?" फोरमनने विचारलं.

"कालही मला झालं असंच वाटलं होतं," साहेब म्हणाले. "आता तपासायचं. तुमच्या पद्धतीने. हाताने आणि हनुवटीने. तीनशे वेळा."

त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची नळी पात्याखाली ठेवली, मनगटाएवढी. वेल्डर पुढे आला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं, पण दुसरं कोणी पुढे आलंही नाही. त्याने दोन्ही हात बटणांवर ठेवले. दाबपट्टी उतरली, त्याने हनुवटीने झाकण मिटलं. पाच मोजले. मग झाकणाच्या कडेखाली बोटं घातली आणि तिथेच थांबला.

"उघड," दादा मागून म्हणाला.

त्याने उघडलं, मान फिरवून. पंखा फिरला. लाल दिवा लागला. एक सेकंद. दोन. पातं वरच होतं.

"एक," साहेब म्हणाले आणि कागदावर रेघ मारली. "पुन्हा."

पंचविसाव्या वेळी त्याने मान फिरवणं सोडलं. साठाव्या वेळी दादाच्या कोपराने फुटलेल्या त्याच्या हनुवटीची जखम उघडली आणि झाकणावर रक्ताचे ठिपके पडले. शंभराला साहेबांनी थांबवून दाबपट्टी न लावता करायला लावलं, मग पडदा हाताने अडवून, मग झाकण अर्धवट मिटून लगेच उघडून. प्रत्येक प्रकाराची वेगळी रेघ. दादा खोक्यावर बसला होता आणि ओठ हलवून तोही मोजत होता. एकशे सत्तेचाळिसाव्या वेळी दिवा लागायला नेहमीपेक्षा उशीर झाला. साहेबांनी सगळं थांबवलं, दहा मिनिटं स्क्रीनला नाक लावून वाचलं, एक ओळ बदलली आणि रेघा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. कोणीही कुरकुर केली नाही.

पावणेपाचला फाटकात पोलिसांची गाडी आली. फोरमन दारात गेला, त्यांच्याशी बोलला आणि परत आला.

"विचारतायत, कोण आहे तो."

वेल्डरने दोन्ही हात बटणांवर ठेवलेले होते. "अजून किती राहिले, साहेब?"

साहेबांनी रेघा मोजल्या. "एकशे अठरा."

"सांगा त्यांना," दादा फोरमनला म्हणाला. "सावलीत बसा म्हणावं. संपलं की मी स्वतः घेऊन येतो त्याला."

वेल्डरने बटणं दाबली.